मॅरेथॉनची वेळ सुधारायचीय? रनिंग वॉचमधले आकडे कुठून येतात आणि त्यातल्या कुठल्यांवर भरवसा ठेवायचा

रनिंग वॉच घेतलं की पहिल्या आठवड्यातच ते तुम्हाला सांगायला लागतं: तुमचा व्हीओटू मॅक्स इतका, तुम्ही फुल मॅरेथॉन इतक्या वेळात पळाल, आज विश्रांती घ्या, उद्या टेम्पो करा. आकडे दोन-दोन दशांशांपर्यंत असतात, त्यामुळे ते मोजलेले आहेत असंच वाटतं. प्रत्यक्षात त्यातले काही खरंच मोजलेले असतात, काही अंदाज असतात आणि काही तर अंदाजावर बांधलेले अंदाज असतात. हौशी धावपटूने वेळ सुधारायला घेतली की हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण चार तासांच्या शर्यतीत सब-फोर होणं आणि न होणं यात फक्त एक-दोन मिनिटं असतात. तेवढी चूक घड्याळाच्या आकड्यांत सहज असू शकते.

मी स्वतः पुण्यात पळतो, वय ४५, वर्षातून एक फुल मॅरेथॉन. माझी आतापर्यंतची सर्वोत्तम वेळ ४:०७ आहे आणि लक्ष्य अर्थातच चारच्या आत. या लेखात उदाहरणांसाठी माझेच आकडे वापरतोय, म्हणजे गणित नीट दाखवता येईल. तुम्ही तिथे तुमचे आकडे टाका.

जीपीएस: अंतर कसं मोजलं जातं

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह ‘मी अमुक, आत्ता इतके वाजलेत’ असा सिग्नल सतत पाठवत असतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ त्या उपग्रहाचं अंतर काढतं. अशी किमान चार उपग्रहांची अंतरं लागतात. तीन तुमची जागा ठरवायला, आणि चौथं हातातल्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळाची वेळेतली चूक काढायला. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे एका मायक्रोसेकंदाची गडबड झाली तर जागा ३०० मीटरने चुकेल! एवढ्याशा डब्यात हे सगळं होतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

अडचण येते ती परावर्तनाची. उंच इमारतींच्या रस्त्यावर सिग्नल सरळ न येता काचेच्या भिंतीवर आपटून येतो, त्याचा प्रवास लांबतो, आणि घड्याळाला वाटतं तुम्ही रस्त्याच्या पलीकडे आहात. पुढच्या सेकंदाला सरळ सिग्नल मिळाला की तुम्ही परत अलीकडे. नकाशावर तुमची रेघ दारू पिऊन चालल्यासारखी दिसते ती यामुळे. रेघ वाकडी म्हणजे लांबी जास्त, आणि लांबी जास्त म्हणजे पेस खऱ्यापेक्षा भारी. दाट झाडीखालीही सिग्नल क्षीण होतो; पुणे विद्यापीठाच्या आवारात पावसाळ्यात ओल्या पानांखाली पळून बघा.

‘ड्युअल बँड’ किंवा ‘मल्टी बँड’ लिहिलेली घड्याळं याच त्रासावर उपाय म्हणून आली. जुनी घड्याळं फक्त एल-वन, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल ऐकतात. नवी घड्याळं सोबत एल-फाइव्ह, ११७६.४५ मेगाहर्ट्झही ऐकतात. एल-फाइव्हवरचा कोड एल-वनवरच्या नेहमीच्या नागरी कोडपेक्षा दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे सरळ आलेला सिग्नल आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखणं सोपं जातं. आपल्या इस्रोची नाविक प्रणाली सुरुवातीपासून एल-फाइव्ह आणि एस बँड वापरते. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून त्यात एल-वनही आलं, कारण छोट्या उपकरणांमधल्या बहुतेक चिप एल-वनवरच चालतात.

तुम्ही मोकळ्या रस्त्यावर पळत असाल तर ड्युअल बँडने फार फरक पडणार नाही. मुंबईत दक्षिण टोकाला, किंवा हिंजवडीत टॉवरांच्या मधून पळत असाल तर पडेल. बॅटरी मात्र लवकर संपते.

एक साधी गोष्ट बरेच जण करत नाहीत. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतात. ती नीट ऐकू येईपर्यंत घड्याळ चाचपडत असतं. फोनशी सिंक केलं की हीच माहिती पुढच्या काही दिवसांची आधीच उतरवली जाते. म्हणून शर्यतीच्या आदल्या रात्री घड्याळ फोनशी एकदा सिंक करा. सुरुवातीच्या रेषेवर दहा हजार माणसांमध्ये ‘सर्चिंग’ बघत उभं राहायची वेळ येणार नाही.

४२.१९५ की ४२.६८?

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते सब-फोरवाल्यांसाठी सगळ्यात कामाचा.

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळलेलं अंतर १९२१ मध्ये अधिकृत झालं, ते आजपर्यंत तेच आहे. प्रमाणित शर्यतीचा मार्ग जीपीएसने मोजत नाहीत हे अनेकांना माहीत नसतं. तो मोजतात सायकलने! सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा फेरे मोजणारा छोटा यंत्रगुंता लावतात, पोलादी टेपने आखलेल्या ठरावीक अंतरावर सायकल चालवून तो कॅलिब्रेट करतात आणि मग शक्य तितक्या जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून, मार्ग मोजतात. मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे मार्ग मुळातच सुमारे ४२.२३७ किलोमीटर आखलेला असतो.

ही झाली सायकलवाल्याची वाट. आपण काही त्या वाटेने पळत नाही. पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, पुढच्या घोळक्याला वळसा घालतो, वळणं बाहेरून घेतो. अर्ध्या वर्तुळाचं एक वळण २ मीटर बाहेरून घेतलं की ६ मीटर वाढतात. त्यात जीपीएसची वाकडी रेघ मिसळते. ४:०७ च्या त्या शर्यतीत माझ्या घड्याळाने ४२.६८ किलोमीटर दाखवले. घड्याळाच्या हिशोबाने माझा पेस ५:४७ होता. निकालाच्या हिशोबाने ५:५१.

आता हेच सब-फोरला लावा. चार तासांत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे पेस ५:४१. कुणीही हेच सांगेल, इंटरनेटवरचा प्रत्येक तक्ता हेच सांगतो. पण तुम्ही घड्याळात बघून काटेकोर ५:४१ ने पळालात आणि शेवटच्या रेषेवर घड्याळात ४२.६८ भरले, तर तुमची वेळ येते ४:०२:३४. एकदाही न थकता, एकदाही न चुकता, अडीच मिनिटांनी लक्ष्य हुकलं. म्हणजे घड्याळावर दिसणारा पेस ५:३७ हवा. चार सेकंदांचा फरक ऐकायला काहीच नाही, पण तीस किलोमीटरनंतर किलोमीटरमागे चार सेकंद वाढवून बघा म्हणजे कळेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे तुमच्या जुन्या शर्यतींमध्ये घड्याळाने किती जास्त अंतर दाखवलं ते काढून तेवढ्या प्रमाणात पेस कडक ठेवणं. दुसरा मला जास्त पटतो. ऑटो लॅप बंद करा, रस्त्यावर किलोमीटरची पाटी आली की स्वतः लॅपचं बटण दाबा, आणि पेसकडे न बघता एकूण वेळेकडे बघा. अंतर पाटी सांगते, वेळ घड्याळ सांगतं, आणि वेळ ही एकच गोष्ट घड्याळ कधीच चुकवत नाही. चार तासांसाठी हे टप्पे मनगटावर चिकटवून ठेवा: १० किलोमीटरला ५६:५३, अर्ध्याला २:००:००, ३० ला २:५०:३८, ३५ ला ३:१९:०४, ४० ला ३:४७:३१. (घामाने शाई पसरते, वरून पारदर्शक सेलोटेप लावा.)

आणि क्षणाचा पेस, म्हणजे ‘आत्ता या सेकंदाला’ दाखवला जाणारा, तो स्क्रीनवरून काढूनच टाका. सहाच्या पेसने तुम्ही सेकंदाला २.७८ मीटर जाता, आणि जागेतली चूकच काही मीटरची असू शकते. घड्याळ सिग्नलच्या डॉप्लर बदलावरून वेग काढून आणि मागच्या काही सेकंदांची सरासरी घेऊन हा आकडा बराच सावरतं, तरी पुलाखालून गेलात की तो ५:१० पासून ६:३० पर्यंत नाचतो. तो बघून वेग कमी-जास्त करणाऱ्या माणसाची ऊर्जा फुकट जाते. लॅपची सरासरी ठेवा.

बुटाला लावायचा फूटपॉड हा तिसरा पर्याय आहे. त्यात अॅक्सेलरोमीटर असतो, उपग्रहाशी संबंध नाही, त्यामुळे बोगद्यात, ट्रेडमिलवर तो सातत्याने चालतो. एकदा ट्रॅकवर कॅलिब्रेट करावा लागतो. बालेवाडीसारख्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर करणार असाल तर पहिल्याच लेनमधून पळा. दुसऱ्या लेनमध्ये प्रत्येक फेरीला सुमारे ७ मीटर वाढतात.

हार्ट रेट: हिरवा दिवा आणि छातीचा पट्टा

मनगटाच्या घड्याळामागे जो हिरवा दिवा लुकलुकतो तो त्वचेत प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यासरशी नसांतलं रक्त वाढतं तसा परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढ-उतारांवरून ठोके मोजतात. बसल्या जागी, झोपेत हे चांगलं जमतं. पळताना हात हलतो, पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो, थंडीत त्वचेतलं रक्त कमी होतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे सेन्सर ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजायला लागतो. मिनिटाला १७० पावलं पडत असतात आणि हार्ट रेटही नेमका १७० दाखवतो. हळू जॉगिंगमध्ये अचानक १७० दिसले तर घाबरण्याआधी कॅडन्स बघा.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, म्हणून तो जास्त विश्वासार्ह. तंत्रज्ञान जुनंच आहे. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये वायरशिवाय चालणारा पहिला हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला. इंटरव्हल करणाऱ्यांनी पट्टा घ्यावाच असं माझं मत आहे, कारण वेगातले झटपट बदल मनगटाला उशिरा कळतात. घालण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. कोरडा पट्टा पहिली दहा मिनिटं काहीही दाखवतो, आणि मग लोक पट्ट्याला नावं ठेवतात.

ठोके बरोबर मोजले तरी पुढचा प्रश्न उरतो: ते किती ‘टक्के’ आहेत? बहुतेक घड्याळं सुरुवातीला तुमची कमाल मर्यादा २२० वजा वय अशी धरतात. माझ्यासाठी १७५. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, वापरलं तर १७६.५. दोन्ही सूत्रं मोठ्या समूहाची सरासरी आहेत. एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे. माझ्या पट्ट्याने टेकडीवरच्या चढाच्या रिपीट्समध्ये १८८ नोंदवले आहेत. १६० ठोके हे १७५ च्या हिशोबाने ९१ टक्के, म्हणजे जीव तोडून पळणं. १८८ च्या हिशोबाने ८५ टक्के. एकच पळणं, पण घड्याळ एका सेटिंगमध्ये ‘ओव्हररीचिंग’ म्हणून ओरडतं आणि दुसऱ्यात ‘टेम्पो’ म्हणून शाबासकी देतं. झोन, ट्रेनिंग लोड, रिकव्हरीचे तास, व्हीओटू मॅक्स हे सगळे आकडे या एका सेटिंगवर उभे आहेत. म्हणून घड्याळाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन कमाल हार्ट रेट स्वतः भरा.

तो शोधण्यासाठी चढावर ३-४ मिनिटांचे जोरकस रिपीट्स करतात. मात्र चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि ते म्हणतील त्या तपासण्या करा. हे मी नुसतं शिष्टाचार म्हणून लिहीत नाहीये. घड्याळात ईसीजी आहे म्हणून निर्धास्त असलेले लोक मी आमच्या ग्रुपमध्येच पाहतो. मनगटावरचा ईसीजी एकाच लीडचा असतो, तो एट्रियल फिब्रिलेशनसारखी अनियमितता ओळखायला बनवलाय. हार्ट अटॅक किंवा ब्लॉकेज तो ओळखत नाही, कंपन्या स्वतःच तसं लिहून देतात. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीच्या वेगाला वेगळाच दम लागणं, असं काही झालं तर स्क्रीनवर कितीही हिरवं दिसो, थांबायचं आणि जवळच्या माणसाला सांगायचं.

व्हीओटू मॅक्स: न मोजता काढलेला आकडा

खरा व्हीओटू मॅक्स प्रयोगशाळेत मोजतात. तोंडावर मास्क, ट्रेडमिलचा वेग वाढवत नेतात आणि शरीर मिनिटाला किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं ते पाहतात. घड्याळ यातलं काहीच करत नाही. ते फक्त बघतं की अमुक वेगाला तुमचे ठोके कमालीच्या किती टक्के होते, आणि त्यावरून अंदाज बांधतं. फिनलंडच्या फर्स्टबीट कंपनीचं या क्षेत्रात मोठं नाव. २०२० मध्ये गार्मिनने ती विकत घेतली.

मग उन्हाळ्यात आकडा का घसरतो? त्याच पेसला उकाड्यात ठोके वाढतात, कारण शरीराला त्वचेकडेही रक्त पाठवावं लागतं. घड्याळाला वाटतं तुम्ही कमकुवत झालात. काही घड्याळं फोनवरून तापमान-आर्द्रता घेऊन दुरुस्ती करतात, पण मे महिन्यात दोन अंकांनी आकडा उतरला म्हणून झोप उडवून घेऊ नका. वर्षभराचा कल बघा, आठवड्याचा नाही.

रात्रीच्या एचआरव्हीबद्दलही साधारण हेच. उशिरा जेवण, ताप येऊ घातलेला, लग्नघरातलं जागरण, हे तो बऱ्यापैकी पकडतो. पण पकडून तो सांगतो काय, तर ‘तुम्ही थकलेले आहात’. ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

रेस प्रेडिक्टर आणि रीगलचं सूत्र

माझं घड्याळ मला ३:४५ च्या आसपास फुल मॅरेथॉन पळू शकशील असं सांगतं. वेळ आलीय ४:०७. बावीस मिनिटं कुठे गेली?

बहुतेक प्रेडिक्टरांच्या मागची कल्पना जुनी आहे. पीट रीगल नावाच्या अमेरिकी इंजिनियरने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं: नवी वेळ = जुनी वेळ × (नवं अंतर ÷ जुनं अंतर) चा १.०६ वा घात. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त, २.०८५ पट. माझी हाफ १:५०, म्हणजे ११० मिनिटं. गुणिले २.०८५, उत्तर ३:४९.

पण १.०६ हा घातांक सगळ्यांना लागू होत नाही. भरपूर मायलेज असलेल्याला तो बसतो. आठवड्याला ३५-४० किलोमीटर पळणाऱ्या नोकरदाराला नाही. चांगली गोष्ट अशी की स्वतःचा घातांक काढता येतो. दोन शर्यतींच्या वेळांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम घ्या, त्याला अंतरांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमने भागा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की लॉगचं बटण मिळतं. माझी १० के ४८ मिनिटं, हाफ ११० मिनिटं. घातांक येतो १.११. तो वापरून फुलचा अंदाज काढला तर ३:५७ येतो, जो घड्याळापेक्षा बराच शहाणा वाटतो.

आणि हाफपासून प्रत्यक्ष फुलपर्यंतचा माझा घातांक काढला तर १.१७! हा आकडा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. १० के ते हाफ मी जितका मंदावतो, त्यापेक्षा हाफ ते फुल कितीतरी जास्त मंदावतो. म्हणजे वेग कमी पडत नाहीये, चार तासांसाठी अजून वेगवान इंटरव्हल करून उपयोग नाही. कमी पडतंय ते तीस किलोमीटरनंतर टिकून राहणं. ३:५७ आणि ४:०७ यांच्यातली दहा मिनिटं लांब पळण्यांत आणि खाण्यात आहेत.

खाण्याचं गणित सोपं आहे. पळायला किलो वजनामागे दर किलोमीटरला ढोबळमानाने १ किलोकॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला सुमारे २,९५० किलोकॅलरी. स्नायू आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन साधारण २,००० किलोकॅलरीच्या आसपास. बाकीची चरबीतून येते, पण हळू येते. म्हणून ३०-३२ किलोमीटरला ‘भिंत’ लागते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्या असा सर्वसाधारण सल्ला असतो. बाजारातल्या बऱ्याच जेलमध्ये एका पाकिटात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. घड्याळाचं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी फीचर इथे कामाला येतं: दर ३० मिनिटांनी वाजणारा न्यूट्रिशन अलर्ट. व्हीओटू मॅक्सपेक्षा त्या साध्या गजराने माझा जास्त फायदा होईल असं मला वाटतं. जेलऐवजी खजूर, चिक्की, गुळाचा खडा चालतो का? चालतो, पण पोटाला आधी लांब पळण्यात सवय लावा. शर्यतीच्या दिवशी प्रयोग नको.

दुसरा उपाय म्हणजे हळू पळणं. नॉर्वेत संशोधन केलेल्या स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून दाखवलं की त्यांचं साधारण ८० टक्के काम हलकं असतं. आपण हौशी लोक नेमकं उलटं करतो, रोज मध्यम दमछाक. इथे हार्ट रेटचा अलर्ट वरच्या मर्यादेला लावा. वाजला की चाला. सोबतचे पुढे जातील, जाऊ द्या.

कार्बन प्लेटचे बूट

नायकीचा व्हेपरफ्लाय ४% २०१७ मध्ये आला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीत त्याच्या नमुन्याने ऊर्जेचा खर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी केला, त्यावरून नाव. जादू एकट्या कार्बनच्या पट्टीत नाही. हलका, दाबली गेलेली ऊर्जा भरपूर परत देणारा पीबा फोम हा त्यातला मोठा भाग आहे. २०२० मध्ये वर्ल्ड अॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी मर्यादा घातली: सोल ४० मिलीमीटरपेक्षा जाड नको आणि कडक प्लेट एकच.

४ टक्के ऊर्जा वाचली म्हणजे वेळ ४ टक्क्यांनी कमी झाली असं होत नाही, वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो. शिवाय त्या चाचण्या वेगवान धावपटूंवरच्या होत्या. सहाच्या आसपासच्या पेसला फायदा कमी मिळतो आणि माणसागणिक बदलतो. माझं मत विचाराल तर बूट सगळ्यात शेवटी. घेतलेच तर दोन-तीन लांब पळण्यांत वापरून बघा, पोटऱ्या आणि टाचेची शीर कुरकुर करते का ते कळेल.

चिप टायमिंग

बिबच्या मागे चिकटवलेली पातळ पट्टी म्हणजे आरएफआयडी टॅग. त्यात बॅटरी नसते. रस्त्यावरच्या मॅटमधल्या अँटेनाच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. मानवी शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषतं. म्हणून बिब छातीवर समोर, सपाट लावा. घडी घालू नका, जॅकेटखाली किंवा पाण्याच्या बाटलीच्या पट्ट्यामागे दडवू नका. ‘माझा स्प्लिटच आला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

गन टाइम म्हणजे शर्यत सुटल्यापासूनची वेळ, नेट टाइम म्हणजे तुम्ही सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासूनची. मुंबई मॅरेथॉनसारख्या गर्दीच्या शर्यतीत दोन्हींत काही मिनिटांचा फरक पडतो. बोस्टनसारखी पात्रतेची वेळ मागणारी शर्यत प्रमाणित मार्गावरची नेट वेळ धरते. तुमचं घड्याळ तिथे पुरावा म्हणून चालत नाही. पेसरच्या ‘बस’मध्ये पळणार असाल तर सुरुवातीलाच विचारा, बस नेट टाइमवर चाललीय की गनवर, बसच्या मागे दोन मिनिटांनी मॅट ओलांडून तुम्ही तिला गाठायला धावलात तर पहिल्या पाच किलोमीटरमध्येच जास्तीचा खर्च होतो.

स्ट्राव्हावर दिसणारी ‘मूव्हिंग टाइम’ तर विसराच. पाणी प्यायला थांबलेला वेळ त्यातून वजा होतो. पाहायची असेल तर ‘इलॅप्स्ड टाइम’ पाहा. आणि स्ट्राव्हा उघडलंच आहे तर प्रायव्हसीमध्ये जाऊन घराजवळची सुरुवात आणि शेवट लपवून ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये याच अॅपच्या हीटमॅपवरून लष्करी तळांच्या आतल्या वाटा जगाला दिसल्या होत्या. पहाटे पाचला रोज कुठल्या गेटमधून कोण एकटं बाहेर पडतं, हे गल्लीतल्या अनोळखी माणसाला कळायची गरज नाही. बायकांनी तर हे सेटिंग पहिल्या दिवशीच करावं.

शर्यतीनंतर काय बघायचं

निकालाच्या पानावर दर ५ किंवा १० किलोमीटरच्या मॅटचे स्प्लिट असतात. घड्याळाच्या रंगीत आलेखांआधी ते उतरवून घ्या, कारण तिथे अंतरही खरं आणि वेळही खरी. पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा वेगळे काढा. मग त्याच टप्प्यांवर हार्ट रेट जोडून बघा. पेस तोच आणि ठोके हळूहळू चढत गेले असतील तर उष्णता आणि पाणी कमी पडणं याकडे बघा. पेस पडला आणि ठोकेही पडले असतील तर बहुधा इंधन संपलं किंवा पाय संपले. माझ्या ४:०७ मध्ये पहिला अर्धा १:५८, दुसरा २:०९, आणि ३१ किलोमीटरनंतर ठोके १६४ वरून १५२ वर आलेले आहेत. त्यामुळे या हंगामात ३२ किलोमीटरची पळणी दोनऐवजी चार ठेवली आहेत, शेवटचे ८ किलोमीटर ५:३७ ने, आणि दर ३० मिनिटांचा गजर चालू.